उत्तरेकडचा कोपरा

वर्ना ट्वेटनने जन्मात कुणाकडे मदत मागितली नव्हती, की स्वतःबद्दल चार वाक्यं सलग सांगितली नव्हती. आयोवातल्या त्या नॉर्वेजियन वस्तीत हे चांगल्या घरच्या माणसाचं लक्षण समजतात. नवरा गेल्याची बातमीसुद्धा तिने शेजाऱ्यांना आधी हवापाण्याचं बोलून मग दिली.

चर्चच्या दफनभूमीतलं गवत तिचे वडील कापत. उत्तरेकडचा कोपरा ते जुलै सरेपर्यंत सोडून देत आणि लोक त्यांना आळशी म्हणत. त्यांच्यामागे काम वर्नाकडे आलं. कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तिने तो कोपराही तीस वर्षं गुळगुळीत राखला. तीन वर्षांपूर्वी गवत कापायचं मशीन बिघडलं, गवत माजलं आणि जुलैत त्यातून पांढऱ्या झालरीच्या फुलांचा एक तुरा वर आला. लहानपणी वडिलांच्या टोपीला यायचा तोच वास. कॉलेजातल्या बाई येऊन म्हणाल्या, मूळ माळरानावरचं हे फूल जिल्ह्यात एवढंच उरलंय. बाकीचं माळरान केव्हाच नांगरून मका-सोयाबीन झालं होतं; नांगर फिरला नव्हता तो फक्त थडग्यांमध्ये.

वडील कोपरा का सोडत ते आता कळलं आणि वर्नाला स्वतःची भयंकर लाज वाटली. कोपरा तिने सोडला, पण मिरवल्यासारखं दिसेल म्हणून कारणाबद्दल ब्र काढला नाही. यंदा मेमध्ये चार कोंब आले. ती रोज तिथे गुडघे टेकून बघून यायची.

महिनाअखेरीस सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतात. त्याआधीच्या शुक्रवारी ती दाताच्या डॉक्टरकडून परतली, तर दफनभूमी कुंपणापर्यंत साफ. शेजारचा लॉइड मशीन गाडीवर चढवत होता. तिने कोपऱ्यात बोटांनी चाचपलं. चार बुडखे लागले, अजून ओले.

काम करणाऱ्याला कॉफी द्यावीच लागते. ती त्याला घरी घेऊन आली.

"तुझे गुडघे गेलेत, दिसत होतं आम्हाला," लॉइड म्हणाला. "रोज त्या कोपऱ्यात बसकण मारायचीस. तू काही तोंडाने मागणार नाहीस, म्हटलं, आपणच उरकून टाकू."

"आभारी आहे, लॉइड."

"आता दरवर्षी मीच करेन. तू निवांत बस."

मुळं अजून जमिनीत होती. तो कोपरा सोड, एवढं एक वाक्य बोललं की पुरे होतं. तिला किंचाळावंसं वाटत होतं.

"केक अजून एक तुकडा घे," वर्ना म्हणाली.