ऊर्फच्या आधीचं नाव

ऊर्फमावशी अर्ज लिहायला बसली की कुणाला “नाव काय?” असं विचारत नसे. “आई काय हाक मारायची?” हा पहिला प्रश्न. मग “कागदावर काय आहे?” दोन उत्तरांच्या मध्ये ती ‘ऊर्फ’ घालायची. कचेरीबाहेरच्या बदामाखाली बसून तिनं अर्ध्या तालुक्याचे अर्ज लिहिले. तिचं हे नाव तिथंच पडलं.

डोंगराकडून आलेला एक म्हातारा म्हणाला, “शुक्र्या. शुक्रवारचा ना मी. मास्तरनं शाळेत सुरेश केला.”

“मास्तरांनी तुमचा वारच काढून घेतला की, बाबा!” असं म्हणत तिनं लिहिलं, शुक्र्या ऊर्फ सुरेश. कारकून उलटा क्रम मागायचे. ती ऐकायची नाही. “आईचं आधी. चिकटलेलं मागून.”

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. त्या तोऱ्यात मी एकदा तिला सुनावलं, “मावशी, ऊर्फ हा शरणागतीचा शब्द आहे. कादंबरीत तो दोघांनाच लागतो. दरोडेखोराला आणि वेष पालटलेल्या राजपुत्राला.”

“आणि बाईला,” ती म्हणाली. “तिचा कुणी छापत नाही, एवढंच.”

मावशी म्हणजे किनाऱ्यावरच्या झाई गावातल्या नाखव्याची एकुलती मुलगी, जानकी. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सुलोचना’ लिहिलं. तीन वर्षांत ती माहेरी परतली, पण आधारकार्डापर्यंत ‘सुलोचना’ मागोमाग आली. वडील गेले तेव्हा चुलतभाऊ घरावर टपलेलाच होता. घर नावावर करायचं तर जानकी आणि सुलोचना एकच, असं नवऱ्यानं लिहून द्यायला हवं होतं. नवऱ्याचा निरोप आला, “नांदायला ये, मग सही करतो.”

“म्हणजे घर राखायला घर सोडायचं,” ती हसून म्हणाली आणि पुढच्या माणसाचा अर्ज ओढला. लोकांचे अर्ज मंजूर होत. तिचा तीनदा परत आला.

मी पेटून पत्रक काढलं, ‘पीडित सुलोचनाला न्याय द्या!’ झाईपासून वाणगावपर्यंत वाटलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि चार घड्या घातल्या.

“तूसुद्धा सुलोचनाच लिहिलंस? आणि ही पीडित कोण गं?”

मी नाव कचेरीच्या नोटिशीवरून उतरवलं होतं. आजही आठवलं की कान तापतात.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. घराला चुलतभावाचं कुलूप आहे. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘सुलोचना’ आलं, म्हणून दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी खिडकीशी गेले.

“ताई, नवऱ्याची सही लागेल,” कारकून म्हणाला. “आणि नावं उलटी लिहिलीत तुम्ही.”

मी कागद परत घेतला. बदामाखाली तिच्या जागी बसले आणि नव्या कागदावर पुन्हा लिहिलं, जानकी ऊर्फ सुलोचना. त्याच क्रमानं.