डाव्या गालाचा दस्ता

ती घटना आठवली की आजही आधी हायसं वाटतं. मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच डाळजकडचा एक ऊस बागायतदार आला. बांधावरून धाकट्या भावाशी त्याचा कोर्टात दावा आणि सहा वर्षं अबोला.

"सायेब, त्यो बंदूक जमवतोय," तो म्हणाला. "आदी येक स्वस्तातली आणली. आता दर म्हैन्याला पारसल येतंय. कधी चाप, कधी नेम धरायचं कायतरी. डेअरीवरच उतरतंय, समद्या गावानं बघितलंय. माझ्या जिवावर उठलाय त्यो."

बांधाच्या वादात कोयते चाललेले मी पाहिले होते. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेऊन झडतीला गेलो. बंदूक कपाटात होती, धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेली. हवेवर चालणारी, छर्ऱ्यांची. पावतीही होती. तेवढ्या ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण मनात काय आहे, ते पावतीवरून कळत नाही. बंदुकीसह धाकट्याला ठाण्यात आणलं.

तो कारखान्यात फिटर. पंप असो की मोटारसायकल, नवी न घेता एकेक भाग बदलत सुधारायची त्याची सवय. बंदूक कशाला, असं विचारलं की "हौस हाय" एवढंच उत्तर. मी चिडलो. नोकरीत मला अशा गप्प माणसांनीच जास्त दमवलंय.

शेवटी रिकामी बंदूक त्याच्या हातात देऊन म्हटलं, "खांद्याला लावून दाखवा."

सहा फुटी गडी. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता त्याला अगदीच तोकडा पडत होता. गाल टेकायची बाभळीची फळीसुद्धा उलट्या बाजूला बसवलेली. लहान चणीच्या, डावखुऱ्या कुणासाठी तरी त्याने ती घडवली होती.

मी थोरल्याला आत बोलावलं. "तुमच्यात डावखुरं कोण आहे?"

तो दस्त्यावरून हात फिरवत राहिला. "माझी पोरगी."

मग धाकट्याला कंठ फुटला. "शाळंत नेमबाजी शिकवत्यात. तिथली बंदूक उजव्या हाताची, तिला जमंना. दादा, तुला सांगितलं आसतं तर तिचं माझ्याकडं येणंच बंद झालं आसतं."

शाळेत फोन करून खात्री केली. खरं होतं.

थोरला आता भडकणार, असं वाटून मी सावरून बसलो. तो भावाकडे न बघताच म्हणाला, "वाढतीय ती. फुडल्या साली तोकडा पडंल ह्यो."

"मागं सरकतोय त्यो. जागा ठिवलीय," धाकटा म्हणाला.

मी तक्रार निकाली काढली आणि तिघांसाठी चहा मागवला. हत्यार सापडलं की हेतूही सापडला, असं आम्ही पोलीस फार लवकर धरून चालतो. मीही मनातल्या मनात खुनाचा पंचनामा लिहायला घेतलाच होता. त्यानंतर झडतीत सापडलेली वस्तू मी आधी हातात घेऊन नीट बघू लागलो.

बांधाचा दावा त्यांनी मागे घेतला नाही, मीही आग्रह धरला नाही. दोघं एकाच मोटारसायकलवरून गेले. मागे बसलेल्या थोरल्याने बंदूक कवेत धरली होती.