सवाल-पत्तीचा डाव

हा खेळ मला दुपारच्या झोपेत सुचला असं मी सांगते, तेव्हा माझा नवरा हसतो. पण ते खरं आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कारध्याला त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, पुरुष गप्पांत रंगले, आणि मी ओट्यावर भिंतीला टेकून बसले ती तशीच पेंगले. समोर कडुनिंबाखाली चार म्हातारे तीन पत्ती खेळत होते. नदीवरून वारा येत होता. अर्धवट झोपेत त्यांचे शब्द कानावर पडत होते, पेअर, कलर, ट्रेल, आणि त्यातच माझ्या वर्गातली मुलं उभी राहून उत्तरं देत होती. अक्षांश, रेखांश, कलर. मोसमी वारे, ट्रेल. जागी झाले तेव्हा खेळ जवळजवळ तयार होता, रात्रभर विरजून सकाळी लागलेल्या दह्यासारखा.

मी भंडाऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. राहायला जवळच शहापूरला. पत्ते मी कधी फारसे खेळले नव्हते. आमच्या घरात पत्ते म्हणजे पोळ्याचा जुगार, आणि जुगार म्हणजे पोलिसांची गाडी, एवढंच समीकरण. पण त्या दुपारनंतर मला दुसरं काही सुचेना. भाजी चिरता चिरता हात थांबायचा आणि डोळ्यांसमोर पत्ते तरंगायचे, प्रत्येकाच्या पोटावर एक प्रश्न लिहिलेला. फोनवर पोकर नावाचा पाच पत्त्यांचा खेळ सापडला. त्याचे डाव मी वहीत उतरवून घेतले: जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, लागोपाठ पाच, एका रंगाचे पाच. तीन सारखे आणि त्यावर एक जोडी, याला मी ‘भरलं घर’ असं नाव दिलं.

नियम साधा ठेवला. प्रत्येकाला सात पत्ते पालथे वाटायचे. आपली पाळी आली की शेजारच्याने आपल्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता उचलून त्यावरचा प्रश्न वाचायचा. उत्तर आलं तर पत्ता आपला, समोर उघडा मांडायचा. नाही आलं तर पत्ता गेला. शेवटी ज्याच्यासमोर सर्वांत चांगला डाव जमलेला असेल, तो जिंकला. पैशांच्या जागी चिंचोके.

नवरा पहिल्याच संध्याकाळी भांडला. तीन पत्तीत लागोपाठचे पत्ते एका रंगाच्या वर असतात आणि पोकरमध्ये नेमकं उलट. “जन्मभर ज्याले वर मानलं, त्याले तुह्या फोनच्या सांगण्यावरून खाली बसवू का?” असं म्हणून तो रुसला. दोन दिवस तो खेळला नाही. तिसऱ्या दिवशी एका रंगाचे पाच त्याच्याच समोर जमले, तेव्हा मुकाट्याने चिंचोके ओढून घेतले. खेळाला ‘सवाल-पत्ती’ हे नावही त्यानेच दिलं.

पत्ते मी जुन्या लग्नपत्रिकांचे कापले. आमच्याकडे पत्रिका टाकवत नाही कुणालाच. कपाटावर गठ्ठा साचतो. बावन्न तुकडे कापले, कोऱ्या बाजूला पांढरा कागद चिकटवून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर काढले आणि खाली बारीक अक्षरात प्रश्न. प्रश्न अर्थातच माझ्या विषयाचे. मास्तरीण दुसरं काय विचारणार?

खेळ पुरा झाला तसा मनात एकच विचार यायला लागला, की हा बाईबरोबर खेळायचा. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आसगावला दिलेली, घरी धानाची शेती. आमच्या लहानपणी आई लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला, कापणीला जायची. मी तीन-चार वर्षांची, मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. बाई सातवी पास झाली आणि तिची शाळा थांबवली. मला कडेवर घेऊन ती शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची असं शेजारणी सांगतात. मला ते आठवत नाही. आठवत नाही म्हणूनच बहुधा मला ते स्वप्नात दिसतं: कुंपण, पलीकडून येणारा पाढ्यांचा आवाज, आणि मी कुणाच्या तरी कडेवर, उंच.

मंडईला आम्ही आसगावला गेलो. दिवाळी उलटली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी, सोयरे सगळे गोळा होतात. पुरुष मंडळी बाजाराकडे गेली. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आम्ही तिघी बसलो: बाई, बाईची नवी सून आणि मी. सून पदवीधर, चुणचुणीत. अंगणात तणसाची, धानाच्या पेंढ्याची, गंजी उन्हात तापत होती आणि तिचा गोडसर वास घरभर पसरला होता. मी फार सुखात होते.

पहिली फजिती पत्त्यांच्या पाठीची झाली. कुणाची पत्रिका गुलाबी, कुणाची मरून, कुणाची अर्ध्या गणपतीची. पत्ता दिसला की बाई म्हणायची, “ही पवनीवाल्याची. वऱ्हाड जेवलं नव्हतं त्यायचं.” प्रश्न राहायचा बाजूला आणि लग्न निघायचं. आम्ही पोट धरून हसलो. मग तिच्या गठ्ठ्यातला एक पत्ता मी उचलला. प्रश्न होता, ज्या दिवशी दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसाला काय म्हणतात?

बाई म्हणाली, “होते ना तसं. होळीच्या आगंमागं. अना मंग धान फुलावर येते तवा एक डाव.”

“नाव सांग,” मी म्हटलं.

“नाव नाही येत.”

“विषुवदिन,” सून पटकन बोलून गेली.

मी पत्ता उचलून बाजूला टाकला. वर्गात टाकते तसा. माझा स्वभाव तापट आहे, पण त्या वेळी मी चिडलेही नव्हते; ती बावीस वर्षांची सवय होती. बाईने उरलेले पत्ते सावकाश माझ्याकडे सरकवले. “तुमी खेळा, मी चहा ठेवतो,” म्हणाली आणि आत गेली. चहा सुनेने आणून दिला. बाई परत बसली नाही.

निघताना तिने नेहमीसारखी तांदळाची पिशवी गाडीत ठेवायला लावली, पण फाटकापर्यंत आली नाही. दरवेळी ती गाडी वळेपर्यंत उभी राहते आणि “येजो वं” म्हणते. त्या दिवशी सून उभी होती.

पुढचे कितीतरी दिवस फोनवर बाई फक्त “हो” आणि “बरं हाय” एवढंच बोलायची. मला भीती वाटायला लागली. तिने माझ्यासाठी शाळा सोडली, आणि त्याच शाळेतला प्रश्न घेऊन मी तिच्या ओसरीवर तिच्या सुनेदेखत तिची परीक्षा घेतली. आता ती माझ्यासमोर कधी मोकळी बसणारच नाही, असं वाटायचं. मी तिला गमावलं तर माझं माहेरच संपतं, कारण आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तीच.

मग मी एक शहाणपणा केला. सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर वह्यांना घालतात तो खाकी कागद चिकटवला, म्हणजे लग्नं दिसायला नकोत. आणि चौदा पत्ते नवे केले. बाईच्या मुलाच्या लग्नात भंडाऱ्यात वाटायला मिळालेल्या पत्रिकांपैकी काही माझ्याकडे उरल्या होत्या. त्यांचा पुठ्ठा चांगला जाड. त्या चौदांवर मी बाईला येतील असेच प्रश्न लिहिले. रोवणीसाठी आधी टाकतात त्या रोपांना काय म्हणतात? गावतलावापेक्षा लहान तळ्याला आपल्याकडे काय म्हणतात? धान कापायच्या आधी ओल्या बांधीत कोणत्या डाळीचं बी फेकतात? बाकीचे पत्ते पातळ. वाटताना बोटांना कळणार, कोणता पत्ता कुणाला द्यायचा. वाटणारी मीच.

संक्रांतीच्या आधी एका रविवारी आसगावला गेले. उरलेलं धानही मळून-चुरून घरात आलं होतं. सकाळचं धुकं मागच्या बोडीच्या पाण्यावरून उठून गेलं होतं आणि दुपार इतकी शांत होती की, दूर कुणीतरी धुणं आपटत होतं तेही कानाजवळ वाटत होतं. बाई खेळायला बसेना. सुनेने हाताला धरून बसवलं.

मी पत्ते वाटले. बाईकडे सातही जाड गेले.

“परे,” बाई म्हणाली, सुनेचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी. “बोडी.” “लाखोरी.” एकेक पत्ता तिच्यासमोर उघडा पडत गेला. मी मनातल्या मनात नाचत होते. सातपैकी सात उत्तरं आली, त्यात बदामचे पाच जमले. तिचा डाव सगळ्यांत मोठा. मी सगळे चिंचोके तिच्याकडे ढकलले. पण तिचा आवाज प्रत्येक उत्तराबरोबर बारीक होत गेला होता, ते मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

बाईने बदामची राणी उचलली, अंगठा आणि बोटामध्ये धरून हलकेच वाकवली. मग माझ्यासमोरचा एक पत्ता उचलून तसाच वाकवला. जन्मभर तांदळातले खडे वेचणारी बोटं ती. नखाने तिने राणीच्या पाठीवरचा खाकी कागद उचकटला. खाली पिवळा रंग निघाला, आणि सोनेरी सोंडेचं टोक.

“हा पुठ्ठा माह्या पोराच्या पत्रिकेचा हाय,” ती म्हणाली. “म्हंजे भंडाऱ्यात तू पत्रिका वाटल्याच नाही.”

सून हसली. मीही हसले. बाई हसली नाही.

“माह्याकडे सारे जाडच पत्ते कसे काय आले वं?”

“बाई, ते चुकून…”

“खोटं नोको बोलू.” तिने पत्ता खाली ठेवला. “तू लहान होती तवा कवड्या खेळतानी मी तुले अशीच जिंकू देत होती. तू टाळ्या वाजवे. तुले समजे नाही म्हून. मले समजते.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सून उठून हळूच आत गेली. ऊन ओसरीवरून पत्त्यांवर आलं होतं, आणि मला वाटत होतं की हेही झोपेतच चाललंय, आता जाग येईल.

“मंडईच्या दिवशी तुले राग आला ना माहा?” मी शेवटी विचारलं.

“आला. मले उत्तर येत होतं, नाव नव्हतं येत. तू पत्ताच उचलून घेतला.” मग तिने बोटाने समोरचे जाड पत्ते एका बाजूला सारले. “पण याच्यानं जास्त आला. परे अना बोडी. हे तं मी चिखलात उभी राहून शिकली. हे इचाराले तू कायले पायजे?”

“मंग काय विचारू?”

“मले येत नाही ते इचार. अना नाही आलं का पत्ता नेऊ नोको. सांग.”

म्हणून खेळाचा नियम बदलला. उत्तर आलं नाही तर पत्ता तिथेच थांबतो. उत्तर ऐकायचं, आणि पुढच्या फेरीत ते आपल्या तोंडाने सांगितलं की पत्ता आपला. आजही आम्ही असंच खेळतो आणि खेळ त्याने लांबतो, नवरा जांभया देतो. त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. मी पातळ पत्ते वाटले, न निवडता. बाईला बहुतेक प्रश्न आले नाहीत. ती प्रत्येक उत्तर ऐकून घ्यायची, “कायले?” विचारायची, मग “असं का?” म्हणायची. पृथ्वी कललेली आहे हे ऐकून तिने आपली मान जराशी कलवून अंगणाकडे पाहिलं. चिंचोके सगळे माझ्याकडे आले, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

डाव संपला. मी पत्ते गोळा करत होते.

“आठवीच्या भूगोलात पयला धडा कोणता होता वं?” बाईने विचारलं.

“कोणत्या वर्षीच्या?” मी म्हटलं. पुस्तकं बदलत असतात. आम्हा शिक्षकांच्या तोंडी हा प्रश्न नेहमीचाच.

“माह्या.”

तिच्या वर्षीच्या. जे पुस्तक तिला कधी मिळालंच नाही, ते. बावीस वर्षं मी आठवीला भूगोल शिकवत होते, आणि ते पुस्तक मी कधी शोधलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. त्यात पहिला धडा कोणता होता याचा विचारही माझ्या मनात कधी आला नव्हता.

“येत नाही, बाई,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

ती सरकून जवळ बसली.

“रडते कायले? आताच्या पुस्तकातला सांग.”