सहीच्या वर काय लिहिलं होतं

“वाचून दाखव गं यांना,” शेठ म्हणाले. शेठ म्हणजे आमच्या संस्थेचे चिटणीस, चिकूच्या वाड्यांचे मालक. पाहुणे आले होते. त्यांना आंधळी टायपिस्ट दाखवायची होती. मीच टाइप केलेलं पत्र मी उघडलं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, बोलू लागला: सेमीकोलन, के, डॉलर, एच, एच. पाहुणे हसले. “जशी ही, तसं हिचं मशीन,” शेठ म्हणाले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दोष मशीनचा नव्हता. डहाणूच्या त्या ऑफिसात सगळं जुन्या फॉण्टमध्ये चालायचं. डोळ्यांना मराठी, आत नुसती इंग्रजी अक्षरं. कीबोर्डच्या कळा बोटांना पाठ होत्या म्हणून टाइप व्हायचं, पण लिहिलेलं परत ऐकता यायचं नाही. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत मी तीन प्रोग्रॅम लावून पाहिले. एकात तक्त्यात शिरलं की आवाज बंद. दुसरा मधल्या ओळी गाळायचा. तिसरा फुकटचा. त्यात युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनलाही मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आईचं नाव लिहिलं आणि मशीनने ते स्वच्छ मराठीत घेतलं. मी रडले. हाच हवा, हे सांगायला शेठकडे गेले.

“एका आंधळीसाठी अख्खं ऑफिस बदलू?” एवढंच म्हणाले.

२०१७ सालच्या गणपतीनंतर त्यांनी एक कागद पुढे केला. रजेचा तक्ता आहे, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, म्हणाले. मी फाइल मागितली. ती जुन्याच फॉण्टात. वेळ नको घालवू, म्हणाले. शिपायाने बोट धरून जागा दाखवली. मी सही केली.

सोमवारी माझ्या टेबलावर दुसरीच मुलगी. मला दारापाशी खुर्ची. फोन उचलायचा, आलेल्यांना बसा म्हणायचं. कॉम्प्युटरचं काम झेपत नाही असं मीच लेखी दिलं होतं म्हणे.

घरी, कोसबाडच्या पाड्यावर, आईला सांगितलं. तिने जन्मभर शेठच्याच वाडीत चिकू तोडले, जिथे सांगतील तिथे अंगठा उठवला. मी त्यातून सुटले असं तिला वाटायचं. ती म्हणाली, “बाय, तू त शिकलीस ना? मंग नाय वाचता सही कशी केलीस?”

माझी सही म्हणजे तिचा अंगठाच होता.

दिवाळीनंतर दुसरा कागद. त्यात काय होतं ते आजही मला माहीत नाही. शेठनी पेन माझ्या हातात दिलं. मी ते टेबलावर ठेवलं.

“युनिकोडमध्ये द्या. ऐकेन, मग ठरवेन.”

“माज आलाय हिला,” शेठ म्हणाले.

त्या आठवड्यात दारापाशची खुर्चीही गेली. मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर, त्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये अपंग आयुक्तांकडे तक्रार लिहिली. माझी सही फसवून घेतली, असं सरळ लिहिलं. प्रत्येक ओळ दोनदा ऐकली. आईही शेजारी बसून ऐकत होती.

तक्रारीचं अजून काही झालेलं नाही. माझा पगार बंद झाल्यापासून आई पुन्हा वाडीवर जाते आणि तिच्या पायांचा आवाज ऐकून मला रडू येतं. काम मिळेल, न मिळेल. पण जे मला ऐकता येत नाही, त्याखाली माझी सही मिळणार नाही. कोणालाच नाही.