एकाच्या जागी शून्य

सगळ्या नात्यागोत्याला वाटत होतं, मी पोरीला घेऊन पुण्याला गेले. मी होते हिंगोलीतच, एका गल्लीत मागच्या खोलीत. दिव्याखाली अंधार असतो, त्या अंधाराच्या भरवशावर मी राहिले. घरमालकीण चाचींनी खोली देताना एकच विचारलं, "मर्द आएगा क्या पीछे?" मी म्हटलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेटला आतून नवी कडी बसवून घेतली.

माझा नवरा डोंगरकड्याचा. माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. घरातलीच सोयरीक, पोरगी सुखात राहील, असं सगळे म्हणाले होते. मी घरी बसून लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करायची, ते त्याला खुपायचं. काम सोडणार नाही म्हटल्यावर एका दुपारी त्यानं पोरीला उचलून शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर बसवलं, तिचा दंड धरला आणि मला म्हणाला, "आता बोल." मी पुढं होऊन पोरीला कवेत ओढून घेतलं. नातेवाइकांनी बैठक बसवली आणि दोघांना समजावलं. म्हणजे मलाच समजावलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाची करायची? मी निघाले. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं, "पोरगी जिथं दिसंल तिथून उचलीन."

पोरगी त्याला दिसता कामा नये, बाकी काही झालं तरी चालेल, असं मी ठरवलं. पण माहेरी कुरुंद्याला माझी माय तिच्यासाठी झुरत होती. तिला रोज नात बघायची होती. फोटो पाठवायचा तर कुठं? आमच्या घरात मोबाइलवर काही टाकलं की ते तासाभरात मावशीकडून मामीकडं, मामीकडून चुलत सासऱ्याकडं आणि तिथून थेट डोंगरकड्याला. भिंतींना नुसते कान असते तरी चाललं असतं. आमच्या भिंतींना फॉरवर्डचं बटण आहे.

म्हणून मी आमचं स्वतःचं सोशल नेटवर्क उभं केलं. हसू नका, असतं तसं. फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायचं. फोटो टाकायचे, बदाम द्यायचा, खाली दोन शब्द लिहायचे, सगळं त्या मोठ्या कंपन्यांसारखंच, फक्त माणसं आपण ठरवू तेवढी. कॉम्प्युटर दादाचा. त्याचं कुरुंद्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. तिथला एक जुना डबा त्यानं कोपऱ्यात चालू ठेवला. मी तिकडं फिरकणं शक्य नव्हतं, म्हणून मी फोनवर सांगायची आणि दादा करायचा.

असल्या सॉफ्टवेअरला सेटिंगची बटणं नसतात. एक साधी फाइल असते, तिच्यात एकेका ओळीत नाव आणि त्याची किंमत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्यांना. प्रोग्राम उठला की आधी या ओळी वाचतो आणि मग दिवसभर तसाच वागतो. नवी सून सकाळी उठून आधी सासूच्या तोंडाकडं बघते, तसंच. दादाला मी असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी हे बी बिचारं भिऊनच राहते."

त्या फाइलमधली एक ओळ म्हणजे आमचं दार होतं. रजिस्ट्रेशन ओपन बरोबर एक, म्हणजे कुणीही यावं, खातं उघडावं. शून्य केलं की दार बंद. आधी एक ठेवून मायचं, दादाचं आणि माझं खातं काढलं. मग मी फोनवर म्हटलं, "दादा, आता एक काढ, शून्य टाक, आणि सगळं पुन्हा चालू कर."

"टाकला शून्य. बराबर हाय."

"फोटो पाठव."

त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. शून्यच होता. मला त्या दिवशी कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

मग माय खूश झाली. पोरगी जेवताना, पोरगी वेणी घालताना, पोरगी रुसलेली. जूनमध्ये तिला शाळेत घातलं. नवा गणवेश, खिशावर शाळेचं नाव, मागं चाचींचं हिरवं गेट. एरवी मी असा फोटो मेले तरी काढला नसता. पण बघणारी तीनच माणसं होती, आणि मायनं गणवेशासाठी हट्ट धरला होता.

दोन दिवसांनी त्या फोटोखाली चौथ्याच कुणीतरी लिहिलं होतं. नाव नाही, चेहरा नाही, नुसतं करडं वर्तुळ. आणि तीन शब्द: "लेकरू वाळलं गं."

मी उठून आधी दाराला कडी लावली. लगेच ते शब्द कानात वाजले आणि माझा जीव भांड्यात पडला. असं एकच बाई म्हणते. माझी आत्या, म्हणजे माझी सासू. लहानपणी मी सुट्टीला गेले की मलाही उंबऱ्यातच असंच म्हणायची आणि आधी वाटीभर साय पुढं ठेवायची.

मी मायला फोन लावला. "आत्याला तू दाखवलंस?"

"दावलं. काहून? तिची बी नात हाय. लई रडली ती. मंग तिच्या फोनवर ती लिंक धाडून देली."

"पण माय, लिंक असली तरी आत येता येत न्हाई."

"मला काय म्हाईत बाई. आली खरी."

मी दादाकडून फोटो नाही, ती फाइलच मागवली. ओळ समोर होती. रजिस्ट्रेशन ओपन बरोबर शून्य. मी त्या शून्यावर बोट ठेवून बसले. मग सहज फाइलमध्ये शून्य शोधायला सांगितलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, सापडत नाही. तेव्हा कळलं. दादाच्या सेंटरात दिवसभर दाखले न् अर्ज मराठीत टाइप होतात. त्याचा कीबोर्ड कायम मराठीवर असतो. त्यानं टाकला होता तो मराठी शून्य. आपल्या डोळ्याला दोन्ही गोलच. प्रोग्रामला मात्र इंग्रजी शून्य दिसला तरच दार लावायचं माहीत होतं. दुसरं काहीही दिसलं की उघडं. इतके दिवस आमचं दार सताड उघडं होतं आणि आम्ही त्याला कुलूप समजत होतो.

शून्य बदलून घेतला. दार लागलं. ते करडं खातं काढून टाकायचं एक बटण दाबणं बाकी होतं, आणि मी ते दाबत नव्हते. खरं सांगते, मला आत्याशी बोलायचं होतं. मला तिची आठवण यायची. नवऱ्याचा राग तिच्यावर काढावा, इतकी ती वाईट नव्हती. मी लिहायला घेतलं, "आत्या, लेकरू मजेत आहे, तू रडू नको."

पाठवायच्या आधी मी ते पुन्हा एकदा वाचलं, आणि वाचतानाच लक्षात आलं, हे आत्या वाचणार कशी? आत्या शाळेची पायरी चढलेली नाही. बँकेत अंगठा लावते. फोनवर माझा नंबरसुद्धा फोटो बघून ओळखायची. तिला लिहिता येतच नाही.

त्या घरात लिहिणारा एकच माणूस आहे. तिनं रडत सांगितलं आणि त्यानं लिहून दिलं, की तिला न सांगताच तिचे शब्द वापरले, मला कळायला मार्ग नाही. सर्व्हरची नोंद काढून पाहिली. त्या खात्यानं पहिल्यापासून एकेक फोटो उघडला होता. गणवेशाचा फोटो मोठा करून उतरवून घेतला होता.

मी पिशवी काढली आणि कपडे भरू लागले. तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. लॅपटॉप उघडाच होता. शाळेच्या आधीच मी तिला घरी वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. तिनं वाचलं, "लेकरू वाळलं गं," आणि टाळी वाजवली.

"डोंगरकड्याची आजी! आजीनं लिहिलं न?"

मी व्हय म्हटलं.

"मंग तिला सांग न, मी दोन पोळ्या खाते म्हणून. आन् तिला इथं बोलाव."

मी तिच्या अंगातला गणवेश काढला, घडी न घालता पिशवीत कोंबला आणि म्हटलं, सांगते.