सोमवारच्या चौकटीतला रविवार

"त्या वर्षी सामान्यज्ञान स्पर्धेच्या अंतिम फेरीत आमच्या शाळेची विद्यार्थिनी एका गुणाने मागे राहिली. हैदराबाद संस्थानात सैन्य कोणत्या तारखेला आले, या प्रश्नाला तिने गोंधळून हिंदी दिनाची तारीख सांगितली. वास्तविक शाळेच्या फळ्यावर सैन्याची ओळ लाल खडूने स्पष्ट लिहिलेली होती. आम्ही सर्वांनी ती पाहिली आहे."

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरे धादांत चुकीचे आहे. तिसऱ्याकडे नंतर येतो. चौथे खरे आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे.

मुलांनो, सप्टेंबरातल्या त्या आठवड्याचे दिनविशेष तुमच्यासाठी लिहून द्यावेत, अशी विनंती मला शाळेकडून आली आहे. ते मी देतो. तेरा तारखेला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. चौदा हा हिंदी दिन, पंधरा अभियंता दिन, सोळा ओझोन दिन. सतराला निजामाने शरणागती जाहीर केली आणि आपला मराठवाडा मोकळा झाला. म्हणून त्या दिवशी आपण झेंडा लावतो. एवढे कोणत्याही पुस्तकात मिळेल. जे पुस्तकात मिळणार नाही आणि स्मरणिकेत उलटे छापले गेले आहे, ते सांगण्याचा अधिकार माझा आहे, कारण तो फळा माझा होता.

पिंगळीपासून आत चार-पाच कोसांवरच्या त्या शाळेत मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो. वर्गात मुलांना शिकवणारे पुष्कळ असतात. व्हरांड्यातला दिनविशेषाचा फळा मी कधीही दुसऱ्याच्या हाती दिला नाही. दर शनिवारी शाळा सुटली की मी पुढच्या आठवड्याचा मजकूर लिहीत असे. फळ्यावर चौकटी सहाच, सोमवार ते शनिवार. रविवारी शाळा नाही, म्हणून चौकट नाही. मग रविवारच्या दिनविशेषाचे काय करायचे? तो मी सोमवारच्या चौकटीत सर्वांत वर लिही, पण लाल खडूने. लाल ओळ म्हणजे काल, पांढरी म्हणजे आज. पहिलीतले पोरही हे जाणत होते. पाहुण्यांना मात्र समजावून सांगावे लागे, आणि ते समजावताना मला अभिमान वाटे, हे लपवत नाही.

त्या वर्षी तेरा तारीख रविवारी आली.

स्पर्धा बुधवारी होती, परभणीला. आमच्याकडून सातवीतली एक मुलगी निवडली होती. तिच्या घरी पुस्तके नव्हती. तिचे पाठांतर फळ्यावरून चाले. रोज परिपाठानंतर ती फळ्यासमोर उभी राहायची, ओठ हलवायची आणि मगच वर्गात जायची. जिंकणाऱ्याचा सत्कार दुसऱ्या दिवशी झेंड्याखाली होणार होता. तिच्या आईने त्यासाठी गणवेशाची उसवलेली शिवण पुन्हा घातली होती, दोऱ्याचा रंग किंचित वेगळा होता. जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती आणि तो दोरा बोटाखाली दाबून धरत होती. समोर माझे सहकारी शिक्षक होते. स्मरणिकेचा वरील मजकूर लिहिणारे तेच. ते तिला हसवायला पाहत होते.

"काय गं, घाबरायलीस का?"

"न्हाई गुरुजी."

"मग हात का थरथरायलेत?"

"जीप थरथरायलीय गुरुजी."

आम्ही तिघेही हसलो. त्या दिवसातले माझे ते शेवटचे हसणे.

सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसलो. पहिल्या दोन फेऱ्या तिने अशा पार केल्या की शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे वळून पाहू लागले. शेवटच्या फेरीआधी परीक्षकांनी जाहीर केले, "आता प्रश्न चालू आठवड्याच्या दिनविशेषांवर." मला वाटले, झाले, आता ही आपलीच. मी मान ताठ केली आणि मनातल्या मनात फळा वाचू लागलो. सोमवारची चौकट. वरची ओळ. लाल.

लाल?

माझ्या पत्नीची एक सवय होती. शनिवारी मी घरी आलो की ती उजवी बाही पाहायची आणि म्हणायची, "आज बी बाही लाल करून आलाव का?" लाल खडूची भुकटी धुतली तरी जात नसे आणि मी तो सदरा बदलून जात नसे, त्यावरून आमचे दर शनिवारी ठरलेले भांडण होई. त्या शनिवारी ती काही बोलली नव्हती. ती का बोलली नाही, हे मला बुधवारी दुपारी, तिसऱ्या रांगेत बसून कळले.

लाल खडू संपला होता. सोमवारी आणू, तोपर्यंत असू दे, असे म्हणून मी ती ओळ पांढऱ्याने लिहिली होती. सोमवारी विसरलो. मंगळवारी विसरलो. आणि ती मुलगी दोन दिवस, सकाळी, ओठ हलवत, ती ओळ सोमवारची म्हणून पाठ करत होती. सोमवार म्हणजे चौदा.

बोटे पांढरी नव्हती तरी मी ती धोतराला पुसली. प्रश्न चिठ्ठ्यांवर होते, भांड्यात हात घालून काढायचे. शेजारच्या शाळेला पंधरा तारीख आली. पुढच्याला ओझोन. भांड्यात आता किती चिठ्ठ्या उरल्या असतील आणि त्यांत ती एक असेल का, याचा हिशेब मी करत राहिलो. एकदा वाटले, उठावे आणि सांगावे. काय सांगावे? की आमच्या शाळेत रविवार सोमवारच्या चौकटीत राहतो? मी उठलो नाही. खोकलासुद्धा आला तो मी दाबला.

तिने चिठ्ठी काढली. परीक्षकांनी वाचली. "भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात कोणत्या तारखेला शिरले?"

तिने क्षणाचाही विलंब लावला नाही. "चौदा सप्टेंबर." आवाज खणखणीत.

येथेच स्मरणिकेतले दुसरे वाक्य पडते. गोंधळलेला माणूस आधी थांबतो, मग चुकतो. ती थांबली नाही. हिंदी दिन तिच्या मनात आलाही नसेल. गावात कोणी म्हणतात, पोरगी मंचावर घाबरली. कोणी म्हणतात, परीक्षकांनी मुद्दाम खेड्यातल्या पोरीला पाडले. घाबरली नव्हती, आणि परीक्षकांचे उत्तर बरोबर होते. "चूक. तेरा सप्टेंबर," ते म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा झाला. मुले पांगली, तरी ती फळ्यासमोर उभी होती. मी दोरी गुंडाळत होतो, मुद्दाम सावकाश. शेवटी ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, लालच होतं की. मला कसं दिसलं न्हाई?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

मुलांनो, अकरा वर्षांत मी तुमच्या आईबापांना हजारो वाक्ये शिकवली. त्यांतले हे एक परत घ्यावेसे वाटते.

ती मुलगी आज त्याच शाळेत शिक्षिका आहे. फळा आता ती लिहिते. रविवारची ओळ ती लाल खडूने लिहिते, तिच्याभोवती दोनदा चौकट काढते आणि नव्या मुलांना सांगते, "नीट बघा रे. मी एकदा नीट बघितलं न्हाई आन् शाळा हरली." हे मला माझ्या नातवाने घरी येऊन सांगितले, जेवताना, सहज. तेव्हापासून मला जेवणही धड जात नाही आणि स्मरणिकाही हातातून सुटत नाही.

मागच्या आठवड्यात मी माझ्या त्या सहकाऱ्यांना घरी बोलावले. आता तेही निवृत्त आहेत. चहा समोर ठेवला आणि पान उघडून दाखवले.

"हे मागे घ्या."

"गुरुजी, सोळा-सतरा वर्सं झाली. आता कशाला उकरायलाव?"

"छापलंय म्हणून."

"तुमच्याबद्दल चांगलंच छापलंय की! लोक येतेत भांडायला, आमचं चांगलं का न्हाई लिवलं म्हून. चांगलं का लिवलं म्हून भांडणारे तुमी पहिलेच."

"तुम्ही लाल ओळ पाहिलीत?"

"ह्या डोळ्यांनी. सगळ्यांनी पाहिली. त्या लेकरानं सुद्धा पाहिली."

"कधी?"

"झेंड्याच्या दिवशी, सकाळी."

"त्याच्या आधी? सोमवारी? मंगळवारी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आधी कोण बघायलंय गुरुजी? तुमचा फळा म्हणजे बरोबरच असणार."

हेच ते. माझ्या फळ्याची एवढी ख्याती होती की तो कोणी तपासत नसे. वाचत होती ती एकटी. सहकारी जाताना दारात म्हणाले, "जाऊ द्या. बाई होऊन खुशीत हाय ती. तिला आता काय फरक पडायलाय?" फरक पडतो की नाही, हे ठरवणारे ते कोण आणि मी तरी कोण? चूक तिच्या नावावर लिहिली गेली आहे, आणि ती दर वर्षी स्वतःच्या तोंडाने ती नव्या मुलांना वाचून दाखवते. हा लेख आधी तिच्या हाती पडेल, मग तुमच्या. ती तो तुम्हांला वाचून दाखवील की नाही, मला माहीत नाही. वाचून दाखवला तर पुढचे मोठ्याने वाचावे, एवढीच विनंती.

माझ्या मताला कोणी किंमत देऊ नये. सहकाऱ्यांच्या डोळ्यांनाही देऊ नये. त्यांनी जे पाहिले ते खरेच लाल होते. बुधवारी स्पर्धा संपली तेव्हा ती आणि सहकारी दोघे बसस्टँडसमोर चहा प्यायला थांबले. मी म्हणालो, उद्याच्या झेंड्यासाठी समोरच्या दुकानातून सुतळी घेऊन येतो. गावात उतरल्यावर ती घरी गेली, सहकारी घरी गेले आणि शाळेच्या फाटकाची किल्ली माझ्या खिशात होती.

त्या दुकानात मी सुतळी घेतली नाही, लाल खडूची पेटी घेतली.