दारावर आलेले डॉक्टर

"मला घाई नाही, आणि गेलेल्याला तर मुळीच नाही." जळगावच्या आमच्या दवाखान्यात एखाद्या मृत्यूची चौकशी निघाली की धुळ्याहून हे डॉक्टर यायचे. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं की हे ठरलेलं उत्तर. मी तिथे नर्स होते. आम्हाला त्यांची धास्तीच वाटायची, कारण आमच्याआधी ते घरच्यांना विचारायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज चढवत नाहीत, पण समोरच्याला घाम फुटतो.

एकदा पारोळ्याकडचं दोन वर्षांचं पोर आमच्याकडे दगावलं. तापात आईने त्याला केळं दिलं होतं. सासरी एकच धोशा: केळं बाधलं, आईनेच मारलं. तिला कायमची माहेरी धाडायचं ठरलं. आमच्या साहेबांनाही केळं सोयीचंच होतं.

"केळ्यानं पोरं मरायची तर अर्धा जिल्हा ओस पडला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आईला बोलावून घेतलं. ती चाचरत बोलली, सुई टोचली आणि लगेच पोराचा श्वास कोंडला. मग त्यांनी आम्हाला एकेकीला विचारलं. सुई पेनिसिलिनची होती; ती द्यायच्या आधी अंगाला सोसतंय का ते थोडंसं टोचून बघायचं असतं. त्या दुपारी कुणीच बघितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, अहवाल वर पाठवा, बाकीचं आम्ही बघू. डॉक्टर मला म्हणाले, चला सिस्टर, दारावर जाऊ. मयताच्या घरी भेटायला जाणं म्हणजे आमच्याकडे दारावर जाणं. तिथे दवाखान्याचं माणूस? मार खायची लक्षणं! माझी पाचावर धारण बसली. वाटेत मी म्हटलंही, तुम्हाला पुन्हा कुणी बोलावणार नाही. पुढे झालंही तसंच.

अंगणात सतरंजीवर गाव बसलेलं. आई एकटीच, लांब भिंतीपाशी. डॉक्टर उभ्यानेच बोलले, "पोर आमच्या सुईनं गेलं, हिच्या केळ्यानं नाही. दोष चारचौघांत दिलात, म्हणून सांगायलाही चारचौघांत आलो."

एक जण काठी घेऊन उठला. सासऱ्याने हात धरून त्याला खाली बसवलं. मग सासू उठली आणि सुनेजवळ जाऊन बसली. खरं सांगते, त्या घटकेला मला डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं.

डॉक्टर त्या आईपुढे जमिनीवर बसले. "केळं आवडलं होतं का त्याला?"

पोर गेल्यापासून ती रडलीच नव्हती म्हणे.

"बठ्ठं खादं त्यानी, आख्खं केळं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.